चार अंशांचा तिळगूळ

धूमकेतू पाहायला निघालेल्या माणसाजवळ काय काय असावं, याची मला पक्की कल्पना होती. दुर्बीण असावी, ताऱ्यांचा नकाशा असावा, गरम बंडी असावी आणि गप्प बसायची सवय असावी. यांतली दुर्बीण आणि बंडी तेवढी माझ्याबरोबर कोल्हारला पोचली. नकाशा वाटेत राहिला. गप्प बसायची सवय तर मी पुण्याहून निघतानाच घरी ठेवली होती. आणि जिथे बोलायला हवं होतं, नेमक्या त्याच जागी ती माझ्यामागून येऊन पोचली.

मला बोलावणं आलं होतं नाना जोश्यांकडून. नाना म्हणजे कोल्हारचे निवृत्त शाळामास्तर. गावाला मुहूर्त काढून द्यायचे, ग्रहणं सांगायचे आणि उरलेला सगळा वेळ माझ्याशी पोस्टकार्डावर भांडायचे. मी पुण्यात एका कचेरीतला कारकून. आकाश बघणं हा माझा नाद आणि नानांशी भांडणं हा त्याहून मोठा नाद. बारा महिने तेरा काळ आमची कार्डं इकडून तिकडे चाललेली असत.

भांडण कशाचं, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. सूर्य-चंद्र ज्या वाटेने फिरतात ती वाट कुठून मोजायला लागायचं, यावरून आपल्या पंचांगवाल्यांत दोन तट आहेत. एक तट रेवतीचा, एक चित्रेचा. दोघांच्या आरंभात चार अंशांचा फरक. असं समजा, की नगर रस्त्याचे मैलाचे दगड एकाने शनिवारवाड्यापासून मोजले आणि दुसऱ्याने येरवड्यापासून. रस्ता तोच, दगड तेच, आकडे निराळे. मी रेवतीवाला, नाना चित्रावाले. कुठल्याही ग्रहाचा माझा आकडा त्यांच्यापेक्षा चार अंशांनी मोठा. त्यामुळे माझी संक्रांत त्यांच्या संक्रांतीच्या चार दिवस आधी येते, आणि एका वर्षी तर अधिक महिन्याच्या घोळात आमचं घर दिवाळीचे दिवे लावत होतं तेव्हा त्यांच्याकडे फराळाचं भाजणंही झालं नव्हतं.

तर त्या पौषात नानांचं कार्ड आलं, आणि त्यात भांडण नव्हतं. मला तिथेच काळजी वाटली. लिहिलं होतं, ‘संध्याकाळी नैर्ऋत्येला एक पुंजका दिसतो. रोज सरकतो आहे. नवा असावा. दुसरा साक्षीदार हवा. सवड काढून यावे. माझा उजवा डोळा फार दिवस टिकेल असे वाटत नाही.’

डावा डोळा मोतीबिंदूचं ऑपरेशन फसून गेला होता. आणि साक्षीदार का हवा, तेही मला ठाऊक होतं. पूर्वी नानांनी असाच एक पुंजका दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेला कळवला होता. तो निघाला जुनाच, सगळ्यांच्या नकाशात असलेला. वेधशाळेने अगदी सभ्य भाषेत त्यांची अब्रू काढली होती. आता एकट्या नानांच्या शब्दावर कुणी दुर्बीण वळवणार नव्हतं. दोघांनी पाहिलं, जागा बिनचूक कळवली आणि वेधशाळेला तो सापडला, तर धूमकेतू नानांच्या नावाचा. नाहीतर नाना हे कोल्हारचे डोळे अधू झालेले एक म्हातारे, बस्स.

मी रजा काढली. बायकोने तिळगुळाचा डबा दिला. आमची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

सुपा

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या जोडल्या होत्या. त्या भट्टीच्या वाफाऱ्यावर मोटार चालायची, म्हणजे चालकाची इच्छा असली तर आणि रस्ता उताराचा असला तर. आमचा चालक उस्मानभाई, नगरचा. प्रत्येक चढावर तो खाली उतरून लांब सळईने भट्टी ढोसायचा आणि आम्हा उतारूंकडे बघायचा, जणू कोळसा कमी पडला तर आमच्यातलाच एखादा घालील.

माझ्या मांडीवर गुंडाळलेली दुर्बीण बघून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “ह्ये काय वं, तुतारी का?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तिला धूमकेतू समजावून सांगितला. शेपटी कशी फुटते, सूर्याला वळसा कसा घालतो, हातवारे करून सांगितलं. सगळी मोटार ऐकत होती.

“म्हंजी शेंडेनक्षत्र,” बाई म्हणाल्या. “आन तुमी ते हुडकाया निगालात? लोकं अशा वक्ताला दारं लावून घेत्यात!”

“आजी, त्याने काही होत नाही.”

“काय हुयाचं ऱ्हायलंय आता? रॉकेल न्हाई, कापड न्हाई, माझा ल्योक लढाईवर. त्ये आलं तर इचारा त्येला, लढाई कवा थांबल.”

पुढच्या बाकावरून उस्मानभाई मान न वळवता म्हणाला, “साहेब, त्याला हेबी विचारा, पेट्रोल कुठं गेलं.”

सुप्याच्या अलीकडे मोटार बसली. सगळे उतरलो. तेवढ्यात मला दिसलं, की माझी पत्र्याची पेटी मागच्या भट्टीला अगदी लागून बांधली आहे. तिच्यात ताऱ्यांचा नकाशा! विलायती, जाड कागदाचा. मी आरडाओरडा करून पेटी सोडवली, दोन माणसांकरवी उचलवली, रस्त्याकडेच्या लिंबाखाली गार सावलीत ठेववली, आणि तिच्या कुलपाला हात लावून पाहिलं, थंड होतं. आपण केवढ्या दूरदृष्टीचे, असं मनाशी म्हणत मी सर्वांबरोबर मोटारीला धक्का द्यायला गेलो. मोटार सुरू झाली की ती थांबवायची नाही, असा उस्मानभाईचा दंडक होता. आम्ही धावत धावत चढलो. नगरच्या अड्ड्यावर सामान उतरवून घेताना मी माझी पेटी मागितली.

“पेटी?” उस्मानभाई म्हणाला. “ती तर तुम्ही सावलीत बसवली ना साहेब!”

पेटी पुढे पुण्याला घरी आली, कुणा सज्जनाच्या कृपेने, न उघडता. तोवर तिचं काम संपलेलं होतं.

कोल्हार

नगरहून मनमाडच्या रस्त्याने राहुरी ओलांडली की डोळ्यांना गारवा लागतो. सुप्याकडचं ते खरपुडं, कुसळांचं माळरान बघून आलेल्याला पाटाच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस खोटाच वाटतो. प्रवरा हिवाळ्यातही वाहती होती. नानांचं घर नदीकडच्या अंगाला, दोन खोल्या आणि वर उघडी गच्ची. गच्चीवर नानांनी स्वतः केलेलं यंत्र: शिसवी लाकडाचा मोठा चाप, त्यावर पितळी पट्टी, पट्टीवर केसाएवढ्या रेघा. अंश मोजायला एवढं पुरे.

दार नानांच्या मुलीने उघडलं. कृष्णाताई लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि आता चाळिशीच्या होत्या. घर त्यांच्या हातात, आणि जीभ त्यांच्या ताब्यात अजिबात नाही.

“हे का ते रेवतीवाले काका?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं उंच असतील. कार्डं इतकी लांबलचक लिहितात.”

नाना आतून भिंत चाचपत आले. पुण्यात दोनदा भेटलो होतो, त्याहून खूप वाळलेले. त्यांनी माझा चेहरा अगदी जवळ घेऊन उजव्या डोळ्याने पाहिला, एखादी बारीक अक्षरांची पोथी बघावी तसा.

“नकाशा आणलात?”

मी सुप्याची हकीकत सांगितली. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, “हरकत नाही. आकड्यावर काम भागेल.”

डबा पुढे केला तेव्हा मात्र ते हसले. “हा तुमच्या संक्रांतीचा. म्हणजे शिळा. आमची परवा आहे, खरी.”

“नाना, आल्या आल्या?” मी म्हणालो.

“नाही नाही. भांडायचं नाही. डोळा आहे तोवर कामाचं बोलू.” आणि त्यांनी एक वडी तोंडात टाकली. हे मी लक्षात ठेवलं. चित्रावाल्याने रेवतीचा तिळगूळ खाल्ला! माझं मन तिथेच विरघळलं, आणि सगळ्या अनर्थाचं मूळ तेच.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसूण लावलेले, झणझणीत, आणि बाजरीची भाकरी. पुण्याला आम्ही हुलगे घोड्याला घालतो असं मी बोलून गेलो. कृष्णाताईंनी मला आणखी एक पळी वाढली. “मग घ्या की. लांबून आलात, दमला असाल.”

त्या संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर नैर्ऋत्येला नुसता धूर. नदीकाठी भिवाचं गुऱ्हाळ पेटलं होतं. उसाच्या रसाची भली मोठी काहील चुलाणावर खदखदत होती, खालून चिपाडांचा जाळ, आणि त्याचा धूर नेमका जिथे आमचा धूमकेतू तिथे तंबूसारखा उभा. मी खाली जाऊन भिवाला गाठलं. भिवा कंबरेएवढ्या उंचीच्या काहिलीत लाकडी फावड्याने रस ढवळत होता.

“दोन घटका जाळ बंद ठेवता येईल का?”

“काय म्हनता! रस चढलाय. आत्ता इझवलं तर गूळ न्हाई हुयाचा, चिकटा हुईल समदा.” मग हात न थांबवता विचारलं, “मास्तरांसाटी का?”

“हो.”

“त्यांच्या डोळ्याचं कसं हाय?”

“फार दिवस नाही, म्हणतात.”

भिवा बराच वेळ ढवळत राहिला. “परवा सणाला गुळाचं आदन लवकर उतरवतो. सांजच्याला जाळ नसंल. मास्तरांनी मला उजळणी शिकवलीया. लई मारलंय पन.”

दुसऱ्या दिवशी ढग होते. वेळ जाईना. नानांनी दिवसभर मला त्या पुंजक्याचे मागचे वेध समजावून सांगितले. पुंजका रोज थोडा सूर्याकडे घसरत होता. आठवडाभरात तो संधिप्रकाशात बुडणार, मग कुणालाच दिसणार नाही. जे करायचं ते आत्ता.

संक्रांत, चित्रावाल्यांची

या घरात हळदीकुंकू होत नव्हतं. कृष्णाताईंनी सकाळपासून गुळाच्या पोळ्या लाटल्या, शेजारपाजारच्या घरांत पाठवल्या, आणि शेजारच्या बायका नटून रस्त्याने जाऊ लागल्या तेव्हा खिडकीचं दार पुढे लोटून घेतलं. पुण्याला आमच्याकडे त्या दिवशी काहीच नव्हतं. माझा सण झालेला, यांचा चाललेला. मी मधल्यामध्ये पोळीवर तूप घालून घेत होतो.

सूर्य बुडायच्या आधीच आम्ही गच्चीवर. भिवाने शब्द पाळला. धूर नव्हता. सह्याद्रीकडची कड स्वच्छ, भगवी, मग जांभळी. कुंभ राशीखालचा तो एकटा ठळक तारा आधी उजळला. नाना चापाशी बसले, मी दुर्बिणीशी.

“त्याच्या उजवीकडे या. हळू. अजून. आता खाली.”

आणि दिसला. कापसाची वात विझताना जेवढा धूर निघतो, तेवढा एक धुरकट ठिपका, आणि वरच्या अंगाला केसाएवढी लांबट झाक. मला वाटतं मी ओरडलो. मी नानांना मिठी मारायला वळलो आणि दुर्बिणीच्या तिपाईचा पाय लाथाडला. दुर्बीण पडली नाही, पण ठिपका हरवला, आणि तो पुन्हा सापडेपर्यंत कडेला लालसर धुकट चढलं. माझा वेध म्हणजे एवढाच: दिसला, आणि लाथाडला.

“पाहिलात ना?” नाना चापावर डोळा लावूनच म्हणाले.

“पाहिला! नाना, शेपूट आहे!”

“शेपूट मला दिसत नाही आता. ठिपका दिसतो. पुरे.” त्यांनी पितळी पट्टी सरकवली, स्क्रू आवळला, आणि बोटाच्या नखाने रेघा मोजत राहिले.

खाली आलो. कृष्णाताईंनी त्यांच्या संक्रांतीचा, ताजा तिळगूळ दोघांच्या हातावर ठेवला. नाना मला म्हणाले, “घ्या. आता गोड बोला.” मी म्हणालो, “तुम्हीही.” आम्ही दोघे लहान मुलांसारखे हसलो. मग नानांनी आकडा सांगितला. कुंभेचे इतके अंश, इतक्या कला. मी टिपून घेतला. वेधशाळेला हा आकडा तसाच पाठवून चालत नाही. तिची मोजणी तिसरीच. तिथे न्यायला आकडा कुठल्या आरंभापासूनचा आहे हे कळावं लागतं, आणि त्याप्रमाणे त्यात भर घालावी लागते. चित्रेचा असेल तर जास्त, रेवतीचा असेल तर चार अंशांनी कमी. हे काम माझं, कारण इंग्रजी तार लिहायची होती.

कंदिलाशी बसून मी मनात म्हणालो: घर नानांचं, डोळा नानांचा, धूमकेतू नानांचा. आकडा त्यांच्याच मोजणीचा. इतकी वर्षं आपण ती मोजणी खोटी म्हणालो. आज मुकाट्याने मान्य करायची. विचारून त्यांना डिवचायचं नाही. मी चित्रेची भर घातली. रेवतीवाल्याने चित्रेची भर घातली! माझ्या मोठेपणाने माझेच डोळे भरून आले. ते लपवायला मी आणखी एक वडी खाल्ली.

बेलापूर स्टेशन

तारेसाठी बेलापूर स्टेशनला जायचं होतं. भिवाची बैलगाडी मिळाली. सकाळचं ऊन, दोन्हीकडे ऊस, आणि भिवाने दिलेलं काकवीचं मडकं मांडीत. रस्त्यावर एक खाच आली आणि मडकं माझ्या धोतराला समर्पण झालं. तशा चिकट अवस्थेत, माश्यांच्या लवाजम्यासह, मी तारमास्तरांपुढे उभा राहिलो.

ते एक तरुण गृहस्थ, कपाळावर आठ्या. त्यांनी कागद वाचला. धूमकेतूची तार म्हणजे बहुतेक आकडेच.

“हे काय आहे?”

“धूमकेतूची जागा.”

“मी या स्टेशनवर आल्यापासून कापसाच्या सट्ट्याचे आकडे लोक मला निरनिराळ्या नावांनी सांगतात,” ते म्हणाले. “लग्नपत्रिका म्हणून सांगतात, औषध म्हणून सांगतात. धूमकेतू नवीन आहे.”

“अहो, खरोखर आकाशातला!”

“आणि त्या धोतराला काय?”

“काकवी.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू याच्यापेक्षा सटोडिया बरा होता. लढाईमुळे नुसत्या आकड्यांच्या तारा घेत नव्हते. सगळे आकडे अक्षरांत लिहून काढावे लागले. मी एकेक अंक शब्दांत लिहिला, त्यांनी दोनदा वाचून घेतला, मी दोनदा तपासला. तार बिनचूक गेली. इतकी बिनचूक तार मी आयुष्यात केली नाही.

पुन्हा कोल्हार

मग वाट बघणं. संध्याकाळी भिवाचा जाळ पुन्हा पेटलेला असे, आणि आम्ही त्याला किती दिवस अडवणार? नानांना त्याची फिकीर नव्हती. ते म्हणत, “आता मोठी दुर्बीण बघते आहे. आपलं काम झालं.” ते प्रसन्न होते, आणि मला एकदाही चिमटा काढत नव्हते. मीही काढत नव्हतो. दोघेही एकमेकांना असे सांभाळत होतो, की कृष्णाताईंना संशय येऊ लागला.

“तुम्ही दोघं आजारी आहात का?” त्यांनी विचारलं.

उत्तराची तार घेऊन स्टेशनचा माणूस आला. मी ती उघडली. नाना ओसरीवर बसले होते, चेहरा माझ्याकडे, पण थोडा चुकलेला, आवाजाच्या दिशेने.

“वाचा.”

मी मनात वाचली, मग मराठीत सांगितली, कारण ते इंग्रजी शब्द त्यांना मोठ्याने ऐकवणं मला जमलं नसतं. सांगितलेल्या जागी दोन संध्याकाळी शोध घेतला. काही नाही. दुर्बिणीची काच तपासून घ्यावी.

नाना म्हणाले, “असं कसं? तुम्ही पाहिलात ना?”

“पाहिला.”

“तारेचा मसुदा आणा. वाचा आकडा.”

मी वाचला. त्यांनी डोळे मिटून मनात वजाबाकी केली. मुहूर्त काढून काढून त्यांना ती सवयीची होती. आणि मग त्यांचा चेहरा जो पडला, तो मी कधी विसरणार नाही.

“तुम्ही चित्रेची भर घातलीत.”

“हो,” मी म्हणालो. अजूनही मला वाटत होतं, आता माझा मोठेपणा त्यांना दिसेल. “म्हटलं, तुमचा वेध, तुमचीच मोजणी असणार. भांडण नको.”

“अहो...” नाना म्हणाले. “अहो, मी तुम्हांला तुमचा आकडा दिला होता. रेवतीचा. तुम्ही एवढे लांबून आलात, पेटी गमावून आलात. म्हटलं, एक दिवस यांच्या मोजणीने सांगू. बोलून दाखवायचं नाही, म्हणून बोललो नाही.”

चार अंश. पौर्णिमेचे आठ चंद्र एकाशेजारी एक ठेवले तर होतात तेवढे. त्या मोठ्या दुर्बिणीला एका वेळी चंद्राएवढा तुकडा दिसत असेल नसेल. ती रिकाम्या आकाशात बघत बसली होती, आणि आठ चंद्र पलीकडे आमचा धूमकेतू खाली उतरत होता. नकाशा असता तर खूण करतानाच चूक डोळ्यांत भरली असती. नकाशा लिंबाच्या सावलीत गारेगार होता.

कृष्णाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. “इतकी वर्षं तोंड फाटेस्तोवर भांडलात,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुमचा एक आकडा कधी चुकला नाही. आयुष्यात एकदा गोड वागलात.” त्या आत गेल्या आणि भांडी जोराजोरात घासू लागल्या.

मी तसाच भिवाची गाडी जुंपायला लावून बेलापूरला गेलो. नवी तार, नवा आकडा, ‘आधीची जागा चुकली, क्षमा असावी’. तारमास्तर म्हणाले, “भाव बदलला वाटतं?” मी नुसता कागद पुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तार निमूटपणे घेतली.

परत येईपर्यंत सूर्य टेकला होता. त्या संध्याकाळी भिवाने न सांगता जाळ काढला होता. कोल्हारात बातमी बैलगाडीच्या पुढे जाते. तो स्वतः गच्चीच्या जिन्याशी येऊन उभा होता. आकाश असं निर्मळ, की संक्रांतीलाही नव्हतं. मी दुर्बीण लावली, योग्य जागी लावली. आता मला जागा पाठ होती. तिथे नुसता पिवळा उजेड होता. मी काच पुसली. डोळा पुसला. उजेड हळूहळू विझला, आणि ती जागाही त्याच्याबरोबर डोंगराखाली गेली.

“दिसतो का?” नाना म्हणाले.

माझ्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. पण गोड बोलण्याचा हिशेब मी नुकताच चुकता केला होता. “नाही,” मी म्हणालो.

“नीट बघितलंत?”

“नीट बघितलं, नाना.”

“मास्तर, मी रोज जाळ काडून ठिवतो,” भिवा खालून म्हणाला. “मला सांगाचं हुतं आदीच. गुळाचं काय, गूळ परत हुतोय.”

नाना म्हणाले, “नको रे. पेटव तू. तो गेला आता उजेडात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मलाही आज तो ठळक ताराच दिसला नाही. म्हणजे डोळ्याचं तेही एक झालं.”

मी दुसऱ्या दिवशी निघालो. निरोपाचं फार बोलणं झालं नाही. मोटार दिसली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “तुमची मोजणी चुकीचीच आहे, हं.” मी मोटारीत चढलो.

पुणे

वेधशाळेचं उत्तर पुण्याच्या पत्त्यावर आलं. आपली दुसरी तार मिळाली. तो भाग आता सूर्याच्या उजेडात असल्याने शोध शक्य नाही. एकाच निरीक्षकाच्या दोन वेगळ्या जागांची नोंद करता येत नाही.

नंतर, फाल्गुनात, तो सूर्याला वळसा घालून पलीकडे निघाला. आता दुर्बिणीची गरजच नव्हती. पहाटे पूर्वेला, घरांच्या कौलांवर, चांगली हातभर शेपूट. आमच्या गल्लीतले गवळी चरव्या खाली ठेवून बघत उभे असत. वर्तमानपत्रात कुणा दूरदेशच्या माणसाचं नाव छापून आलं. मी त्याची कक्षा मिळवली आणि मागे मागे मोजत कोल्हारच्या त्या संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत नेली. नानांच्या नखाखालची रेघ केसाने चुकली नव्हती. हे मी वेधशाळेला कळवलं. त्यांनी कळवलं की धूमकेतू सापडल्यानंतर जुळणारा आकडा कोणालाही काढता येतो.

मग कृष्णाताईंचं कार्ड आलं. ‘बाबांना आता काहीच दिसत नाही. भिवा सांगत होता, शेंडेनक्षत्र निघालं आहे, सगळं गाव पहाटे नदीवर जाऊन बघतं. बाबा विचारतात, तो आपलाच का. आणि नेमका कुठे आहे ते काकांना विचार म्हणतात. मी दाखवू शकत नाही, ते बघू शकत नाहीत. तुम्ही लिहा.’

मी अंश लिहायला घेतले आणि थांबलो. कुठल्या आरंभापासून लिहू? कार्ड फाडलं, दुसरं घेतलं. त्यावर जे लिहिलं ते असं:

‘कृष्णाताई, तो आपलाच. पहाटे नानांना गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवा. त्यांचा उजवा हात धरा, कोपर सरळ करा आणि खांद्याच्या थोडा वर न्या. तर्जनी जिथे रोखेल तिथे त्याचं डोकं आहे. हात तसाच वर सरकवा, त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत लांब शेपूट आहे. रोज हात बोटभर वर घ्या. काही दिवसांनी तो फिका होईल. संपला की मी कळवीन, मग हात खाली ठेवा.’